तुळजाबाईच्या बांगड्या

बल्लारशा,
२ सप्टेंबर १९६८

प्रिय नीरजा,

सलाम. पोचलो एकदाचे. हे बल्लारशा म्हणजे रूळ, कोळसा आणि ऊन. सकाळी धुतलेला ओटा दुपारी काळा. यांना बदलीचं भारी कौतुक, सिग्नल इन्स्पेक्टर झालेत ना! अठरा महिने काढा, मग परत पुणं, असं यांच्या साहेबांनी तोंडी सांगितलंय. तोंडी म्हणजे काय ते तुला-मला कुणी शिकवायला नको. रेडिओ केंद्रावर आठ वर्षं मलाही सगळं तोंडीच सांगताहेत.

संध्याकाळचे सात वाजले की जीव नुसता कासावीस होतो बघ. आत्ता स्टुडिओचा लाल दिवा लागला असेल, जयसिंगभाऊ दत्तोबाच्या आवाजात खाकरले असतील, 'मळ्यातल्या गप्पा' सुरू झाल्या असतील, आणि माझी तुळजाबाई नाही! इथे पुणं लागत नाही. हे म्हणतात, मीडियम वेव्ह उजेड असेपर्यंत एवढ्या लांब येतच नाही. आणि आलं तरी ऐकू कशावर? आमचा रेडिओ येरवड्याला अम्मीकडेच ठेवून आले. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, रेडिओ नसला तर तिने दिवसभर करायचं काय?

आता तुझ्यावर भार टाकते. तुळजाबाईची जागा या वर्षी कायम होणार असं गोपाळकृष्णसाहेब म्हणाले होते. आवाजाच्या परीक्षेचं बोलावणं आलं तर ते तुझ्या पत्त्यावर येईल. इथलं क्वार्टर कधी बदलेल याचा नेम नाही, म्हणून केंद्रात तुझाच पत्ता लिहून दिलाय. पत्र दिसलं की तार ठोक. रेल्वेचा पास आहे, मिळेल त्या गाडीने येते. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातचं जाऊ द्यायचं नाही. आणि जमेल तशी रविवारी अम्मीकडे जाऊन माझी पत्रं वाचून दाखव. माझा भाऊ रज्जाक दिवसभर बांगड्यांची गाडी घेऊन फिरतो, आणि त्याचं वाचन म्हणजे अक्षराला एक ठेच.

तुझी,
नूरबानू


पुणे,
२० सप्टेंबर १९६८

प्रिय नूर,

सप्रेम नमस्कार. तुझ्या तुळजाबाईला आम्ही लेकीच्या बाळंतपणाला धाडलं आहे. मीच तसं लिहिलं. मंचरहून एका बाईंनी त्या नसलेल्या लेकीसाठी डिंकाचे लाडू पाठवले. साहेबांनी ते 'केंद्राच्या वतीने स्वीकारले', म्हणजे एकट्याने खाल्ले. तुझ्या गैरहजेरीचा एक फायदा मात्र झाला. शेवटी तू तुळजाबाईच्या सासूला उद्देशून स्क्रिप्टबाहेरचं 'आत्याबाय, औषिद घेतलंसा का?' असं शेपूट जोडायचीस ना, ते गेल्यामुळे कार्यक्रम वेळेत संपतो.

केंद्राला पंधरा वर्षं झाली म्हणून त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं आहे. पहिल्या वर्षी कोण बोललं, भिंतींना जाजमं ठोकून गाणी कशी घेतली, मशीन बंद पडलं की निवेदक तबल्याच्या तबकड्या कशा लावायचे, सगळं जमवते आहे. पुण्यात सगळ्यांना सगळं आठवतं आणि प्रत्येकाच्या आठवणीत तो स्वतः मध्यभागी उभा असतो.

तुळजाबाईवर त्यात एक वेगळं प्रकरण करणार आहे. तेव्हा तू ती कशी करायचीस ते बारीकसारीक लिहून पाठव. श्वास कुठे, थांबणं कुठे, सगळं. आणि तुझ्या त्या बांगड्याही पाठव. त्यांचा फोटो छापू. आठ वर्षं नाव कुणी सांगितलं नाही, आता छापील नाव येईल.

अम्मी बऱ्या आहेत. रविवारी गेले होते. मला जबरदस्तीने शीरखुर्मा खायला घातला.

तुझी,
नीरजा


बल्लारशा,
६ ऑक्टोबर १९६८

प्रिय नीरजा,

अगं, पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले! छापील नाव! गावोगावच्या लोकांना वाटतं की तुळजाबाई वारज्याची कुणी पाटलीण आहे. येरवड्याच्या बांगड्यावाल्या मणेराची पोरगी आहे म्हटल्यावर त्यांचे चेहरे बघायला मला तिथे उभं कर.

तर लिही. तुळजाबाई ही माझी नाहीच. ती मथुराबाईची आहे. अम्मी बांगड्यांचा हारा डोक्यावर घेऊन वारज्याला जायची, मी सहा वर्षांची, तिच्या पदराला धरून. मथुराबाईच्या ओसरीत बाया जमायच्या. बांगड्या भरताना हात चेपला की बाई 'आई गं' म्हणणार, आणि मथुराबाई म्हणणार, 'हात हाय का लाकूड? सोड की सैल!' मला भाकरी-ठेचा द्यायची. ते बोलणं असं घशात मुरलंय.

वाक्य सावकाश उचलायचं आणि शेवटी झटकन टाकायचं. कुणाला शहाणपण सांगण्याआधी एवढा वेळ थांबायचं की समोरच्याला वाटावं, बाई विसरली. हनुवटी खाली ठेवायची म्हणजे आवाज छातीतून येतो. तू नेहमी 'हाय' लिहायचीस, पण सगळीकडे 'हाय' नको. साहेबलोकांशी बोलताना तुळजाबाई जपून शुद्ध बोलायला जाते आणि मध्येच घसरते, तिथे लोक हसतात.

बांगड्या रजिस्टर पार्सलने पाठवते आहे. जपून ठेव. हिरव्या काचेच्या बारा, सुतळीत ओवलेल्या. अम्मीने भट्टीवरून एकेक वाजवून निवडल्या होत्या. हातात घालायच्या नाहीत. सुतळी डाव्या मुठीत धरायची आणि बोलायच्या आधी एकदाच, अगदी हळू, माइकच्या बाजूने. दोनदा वाजवल्या तर घोड्याच्या घुंगरासारखं होतं.

फोटो झाला की लगेच परत पाठव हं.

नूर


पुणे,
११ फेब्रुवारी १९६९

प्रिय नूर,

उत्तराला चार महिने लागले. रागावू नको. यज्ञेश्वरांचा छापखाना बंद पडला आणि हे घरी बसले आहेत. घरी बसलेला नवरा किती वर्तमानपत्रं वाचू शकतो ते तुला कळणार नाही.

प्रकरण जवळजवळ झालं. एकच राहिलं. तुळजाबाईचं हसणं कागदावर धरता येत नाही. ते नक्की कसं करायचीस? लवकर लिही, काम अडलं आहे.

कायम जागेची अजून काही हालचाल नाही. असती तर कळवलं नसतं का? बांगड्या फोटोग्राफरकडे आहेत. तो पुण्यातला फोटोग्राफर आहे, दुपारी झोपतो. येरवड्याला जाणं हल्ली जमत नाही, अम्मींना सांग.

नीरजा


बल्लारशा,
२ मार्च १९६९

प्रिय नीरजा,

यज्ञेश्वरभावजींचं वाचून वाईट वाटलं. माझ्यापुढे संकोच करू नको. काही लागलं तर लिही.

हसणं सोपं आहे, आपल्याला उलटं वाटतं इतकंच. आपण श्वास सोडताना हसतो. मथुराबाई श्वास आत घेताना हसायची, दमेकऱ्यासारखी, आणि मग 'अगं बया' म्हणून सोडायची. चार दिवस छाती दुखेल, मग जमेल. पण तुला कुठे करायचंय म्हणा! तुझ्यासारख्या शुद्ध बाईने ते केलं तर साहेब डॉक्टरला बोलावतील.

अम्मीकडे जमेल तेव्हा जा गं. पावसाळ्याआधी तिला भेटायला येणार होते, पण यांना रजा नाही आणि माझं पोटातलं तिसऱ्या महिन्यातच गेलं. डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केलाय. हे अम्मीला सांगू नको. मी मजेत आहे असंच सांग.

नूर


बल्लारशा,
१४ ऑगस्ट १९६९

प्रिय नीरजा,

तुझ्याकडून सहा महिने अक्षर नाही. आणि इकडे भलतंच ऐकते आहे.

रज्जाकचं कार्ड आलं. तुटक अक्षरात लिहितो, 'आपा, तू पुण्यात येऊन महिने झाले आणि अम्मीच्या दारात पाय ठेवला नाहीस. ती रोज दाराकडे तोंड करून बसते. म्हणते, लेक रेडिओवर बोलते, सगळ्या मुलखाची चौकशी करते, माझी करत नाही. औषध घेत नाही. म्हणते, नूरने विचारलं की घेईन.' मी यांना म्हटलं, अम्मीचं डोकं फिरलं का काय? गेल्या पावसाळ्यातल्या तापापासून ती अधूनमधून विसरते, पण एवढं?

रज्जाक म्हणतो की त्यानेही ऐकलं. तुळजाबाई बोलते, बांगड्या वाजतात. अम्मी त्याच्यावर खेकसली, 'अरे, मी निवडलेली काच मला कळत नाही?' चाळीस वर्षं काच विकली तिने, चूक करायची नाही.

तुम्ही माझ्या जुन्या टेपा लावताय का? पण त्या तर पुसून परत वापरतात ना? आणि जुन्या असत्या तर शेवटी औषधाचं असतं. खरं काय ते उलट टपाली कळव. आणि माझ्यासाठी एकदा येरवड्याला जाऊन तिला सांग की मी इथेच आहे. तुझं ती ऐकते.

नूर


पुणे,
२५ ऑगस्ट १९६९

प्रिय नूर,

किती घाबरतेस! तुझाच तर्क बरोबर आहे. जुन्या टेपा लावतो. इतिहासासाठी म्हणून तुझ्या चाळीसेक टेपा मी पुसू दिल्या नाहीत, भांडून ठेवल्या. औषधाचं शेपूट कापून लावतो, वेळेत बसत नाही म्हणून.

अम्मींना सांगेन. सध्या फार काम आहे. इतिहासाचं पुस्तक कागदाच्या टंचाईमुळे लांबलं आहे.

नीरजा


बल्लारशा,
१९ डिसेंबर १९६९

नीरजा,

ऑगस्टातलं तुझं पत्र मी उशाखाली ठेवून झोपत होते. माझ्या टेपा भांडून ठेवल्यास म्हणून. शेजारच्या गार्डाच्या बायकोला वाचून दाखवलं, 'मैत्रीण असावी तर अशी.' आता तिच्या दारावरून जायची लाज वाटते.

ईदला यांनी ट्रान्झिस्टर आणला. परवा थंडी होती, सहालाच अंधार पडला. हे म्हणाले, 'हिवाळ्यात अंधार झाला की लांबची स्टेशनं लागतात, बघ तुझं पुणं येतं का.' सुई फिरवता फिरवता खरखरीतून जयसिंगभाऊ निघाले. मी तोंडाला पदर लावून बसले. मग बांगड्या. एकदाच, हळू, माइकच्या बाजूने. आणि तुळजाबाई म्हणाली, 'दत्तोबा, मानूस चंद्रावर जाऊन आला, पर आमच्या वारज्याला येळेवर बस येईना!' आणि हसली. श्वास आत घेऊन हसली.

नीरजा, माणूस चंद्रावर या जुलैत गेला. मी पुणं सोडलं गेल्या साली ऑगस्टात. मी मूर्ख असेन, पण दिनदर्शिका मला वाचता येते.

हे शेजारी बसले होते. म्हणाले, 'अरे, तूच बोलतेयस की!' घरच्या माणसाला ओळखू आलं नाही, एवढं छान शिकलीस. शिकशील नाही तर काय, मास्तरीण मीच! हनुवटी खाली ठेव म्हणून मीच लिहिलं, हसायचं कसं मीच लिहिलं, वर बांगड्या रजिस्टरने पाठवल्या. कसायाच्या हातात सुरी देऊन त्याला धारही लावून दिली मी.

बोलावणं आलं होतं का? एवढंच सांग. या वेळी खरं सांग.

नूरबानू


पुणे,
३ जानेवारी १९७०

प्रिय नूर,

हो. बोलावणं सतरा जानेवारीला आलं. गेल्या वर्षीच्या.

दोन दिवस ते पत्र देव्हाऱ्यात होतं. तिसऱ्या दिवशी तारेचा फॉर्म आणला, तोही लिहिला. मग यज्ञेश्वर घरी आले आणि म्हणाले की छापखान्याला कायमचं कुलूप लागलं. मी फॉर्म फाडला. साहेबांना सांगितलं, नूरबानू परत येणार नाही, तिने कळवलं आहे. परीक्षेला मी बसले. हसणं तोवर जमलं नव्हतं, तरी घेतलं. उन्हाळ्यापासून कायम आहे.

आता माझंही ऐक. आठ वर्षं ती बाई मी लिहिली. तू म्हणायचीस आणि लोक तुला हसायचे. तुझं नाव सांगत नसत म्हणतेस, माझं कधी सांगितलं? बसच्या ओळीत उभी राहून मी माझीच वाक्यं लोकांच्या तोंडून ऐकली आहेत. 'तुळजाबाई काय बोलली काल!' बोलली! लिहिली कोणी? तुझा नवरा सरकारी नोकरीत, माझा घरी. माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस, असं मी रोज स्वतःला सांगते. रोज सांगावं लागतं.

येरवड्याला मी जून महिन्यात एकदा गेले होते. अम्मींनी दारातच माझा आवाज ऐकला आणि 'नूर?' म्हणाल्या. मी तशीच मागे फिरले. त्यानंतर नाही गेले.

क्षमा मागण्यात अर्थ नाही, म्हणून मागत नाही.

नीरजा


येरवडा, पुणे,
२२ जानेवारी १९७०

नीरजा,

पत्त्यावरून कळलं असेल, आठवड्यापासून इथे आहे. केंद्र बसने अर्ध्या तासावर. तुझ्या दारात येऊन चार शब्द सुनवायचे असं बल्लारशापासून ठरवून आले होते. पुण्याची बाई आहेस, गल्लीत तमाशा झालेला सोसला नसता तुला. पण ते राहिलं. का, ते सांगते.

मी आले तेव्हा अम्मी दाराकडे तोंड करून बसली होती. निम्मी झालीय. रडून नि प्रवासाने माझा आवाज पार बसलेला. मी पायाशी बसले, म्हटलं, 'अम्मी, मी नूर.' तिने माझा हात चाचपला. मनगटात बांगडी नव्हती, बाळ गेल्यापासून मी घालत नाही. तिने हात सोडला.

मी सगळं सांगितलं. मी पुण्यात नव्हतेच, रेडिओवरची ती मी नाही. ती शांतपणे ऐकत होती. परक्या बाईचं ऐकावं तसं. मग रज्जाकला म्हणाली, 'या बाईला चहा दे. लांबून आलेली दिसते.'

तेवढ्यात सात वाजले. रज्जाकला बंद करायचं सुचलं नाही. बांगड्या वाजल्या. आणि अम्मीचा चेहरा असा उजळला, नीरजा, की मी जन्मात तो तसा पाहिला नव्हता. तू बियाण्यांबद्दल काहीतरी बोलत होतीस. मी रडत म्हटलं, 'अम्मी, माझ्याकडे बघ ना, मी इथे आहे.' तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

'चुप गे,' म्हणाली, 'मेरी बच्ची बोल रही.'

आठ दिवस झाले, रोज हेच. सकाळी कधी कधी मला ओळखते, एखादा घास खाते. सातनंतर मी परकी. बल्लारशाला चल म्हटलं तर म्हणते, 'लेक पुण्यात असताना मी कुठे जाऊ?' मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, हृदय थकलंय, औषध चुकवलं तर दिवस मोजायचे. आणि औषध ती कुणाच्या हातून घेत नाही. माझ्या तर नाहीच.

तू लिहिलंस, वाक्यं तुझी होती. खरं आहे, सगळी तुझी. जागा तुझी, बांगड्याही ठेव. पण एक वाक्य माझं होतं, तेच तू शेपूट म्हणून कापलंस. 'आत्याबाय, औषिद घेतलंसा का?' ती सासू नव्हती, नीरजा. ती माझी अम्मी होती. शेजारी तिच्या हाताशी गोळी आणि पाण्याचा पेला ठेवलेला असायचा. मी रेडिओतून विचारायचे, ती इथे घ्यायची. आठ वर्षं एक दिवस चुकवला नाही. तुला शिकवताना ते मी लिहिलं नाही, कारण ते तुळजाबाईचं नव्हतंच.

यांची बदली परत पुण्याला झाली तरी मी केंद्राची पायरी चढणार नाही. तुला माफही करणार नाही. तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही. तरी मागायला तुझ्याकडेच यावं लागलं, यापेक्षा आणखी काय व्हायचं राहिलंय माझं?

उद्या सातला पेला भरून ठेवते. शेवटी एवढं एक वाक्य म्हण. साहेब रागावले तरी म्हण, आणि अम्मी आहे तोवर रोज म्हण. माझ्या आवाजात म्हण. तुला येतो.

नूरबानू